राखीव तीन महिने

३ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

तुला मुलगी झाली हे मला आत्याकडून कळलं, तेही तिच्या तोंडून निसटलं म्हणून. फोनवर ती आपल्या गुडघ्याचं रडगाणं गात होती आणि मध्येच म्हणाली, ठकूच्या पोरीचे कान अगदी तुझ्यासारखे आहेत. कोणाच्या पोरीचे, असं मी विचारलं, तर म्हणाली, जाऊ दे, मी काही बोललेच नाही असं समज. आता हे मी कसं समजणार? तीन महिन्यांची झाली म्हणे. म्हणजे तीन महिने मी आजोबा आहे आणि मला त्याचा पत्ता नाही.

आत्यावर रागावू नकोस. तिच्या पोटात काही राहत नाही हे तुलाही ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही तू तिला सांगितलंस. त्यावरून मी थोडा धीर करतो आहे.

फोन करणार नाही. मागच्या दोन वर्षांत केले तेवढे पुरे झाले. पत्राचं एक बरं असतं, वाचायचं की टोपलीत टाकायचं हे ज्याला आलं त्याच्या हातात. तुझा नवा पत्ता धाकट्याने दिला. त्याने आधी तीनदा विचारलं, "भांडणार नाही ना बाबा?" तुम्हा दोघांना वाटतं मी भांडतो. मी भांडत नाही, मी गप्प बसतो. तुझी आई म्हणायची, त्यापेक्षा भांडलेले परवडले.

आई गेल्यावर तिचं कपाट आवरताना तुला जो अर्ज सापडला, आणि त्यावरून आपल्यात जे झालं, त्याबद्दल मी आज काही लिहीत नाही. धाकट्याच्या वेळी कंपनीने रजा नाकारली होती, हे तेव्हाच तुला सांगितलं. आणखी काय सांगणार?

आज मला तुझ्याबद्दल लिहायचं आहे. घरात आता मी एकटा. दुपारी खुर्चीत बसलो की बाकीची सगळी वर्षं एकमेकांत मिसळून जातात, पण ते तीन महिने तेवढे वेगळे उभे राहतात. तुला त्यातलं काही आठवणं शक्य नाही. तुझी आई होती तेव्हा आम्ही दोघं मिळून आठवायचो. आता ते माझ्याबरोबर जाईल, म्हणून लिहून ठेवतो.

तू जन्मलीस त्याच वर्षी तो नियम झाला होता. आईला सहा महिने, आणि त्यापुढचे तीन 'दुसऱ्या पालकासाठी राखीव'. त्याने घेतले नाहीत तर ते बुडाले, आईच्या नावावर करून घेता येत नसत. तुझ्या आईने माहितीपत्रक आणलं आणि जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवलं. मी वाचून म्हटलं, हा दुसरा पालक कोण? ती म्हणाली, "तुम्हीच. दुसरं कोणी मला तरी माहीत नाही."

पाळणाघरात नऊ महिन्यांच्या आतलं मूल घेत नसत. तिला तिच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत परत जायचं होतं, आणि मी उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत होतो. लिफ्टच्या खोलीत चारशे किलोचं यंत्र उघडताना माझा हात कधी चुकला नाही, पण तो अर्ज भरताना मी 'बालकाशी नाते' या रकान्यात स्वतःचं नाव लिहून बसलो. दुसरा अर्ज आणावा लागला.

कंपनीत माझ्याआधी ही रजा कोणीच घेतली नव्हती. शेवटच्या दिवशी पोरांनी माझ्या हत्यारांच्या पेटीत पाना काढून दुधाची बाटली ठेवली होती. फोरमन म्हणाला, "तीन महिन्यांनी परत ये, पदर खोचून येऊ नकोस म्हणजे झालं." सगळे हसले, मीही हसलो. बाटली मात्र घरी घेऊन आलो. चांगली होती.

आज इतकंच. मुलीचं नाव काय ठेवलं, तेवढं कळलं तर बरं वाटेल. नाही कळवलंस तरी चालेल.

बाबा

१९ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे दारातून आत तरी गेलं असावं. मी पुढे लिहितो.

पहिल्या दिवशी तुझी आई कामावर गेली आणि दार लागलं. तू दाराकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मीही दाराकडेच बघत होतो. मग तू जे भोकाड पसरलंस ते अकरा वाजेपर्यंत. मी तुला उचललं, ठेवलं, खिडकीशी नेलं, गाणं म्हटलं. मला एकही गाणं शेवटपर्यंत येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी थकून मी तुला लिफ्ट कशी चालते ते सांगायला लागलो. वर खोली असते, खोलीत मोटर, मोटरवर चाक, चाकावरून दोर, दोराच्या एका टोकाला माणसांची पेटी, दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन. तू गप्प झालीस. माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकलंस आणि 'ब्रेक' या शब्दाला हसलीस. पुढचे तीन महिने मी तुला अख्खी लिफ्ट शिकवली.

आठवड्यातून एकदा आरोग्य केंद्रात पालकांचा गट भरायचा. तोही त्या योजनेतच होता. रजेवर असलेल्या पालकांनी मुलांना घेऊन यायचं, वजन करायचं, एकमेकांशी बोलायचं. तिथे अकरा आया होत्या, आणि मी. पहिल्या दिवशी मी दारात उभा राहिलो तर एकजण म्हणाली, लिफ्ट पलीकडच्या जिन्याजवळ आहे. मी कामाचाच शर्ट घातला होता, त्यावर कंपनीचं नाव. मग तिला माझ्या काखेतली तू दिसलीस आणि ती इतकी ओशाळली की तिने आपली सतरंजी मला बसायला दिली.

गट चालवणाऱ्या परिचारिकाबाई धिप्पाड होत्या, आवाजही तसाच. वजनकाट्यावर मूल ठेवलं की आकडा अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असा सांगायच्या. दुसऱ्या आठवड्यात तुझं वजन दीडशे ग्रॅम उतरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढणार. त्या खाली वाकल्या आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही भरवताना घाई करता का?" मी म्हटलं, हो, ती तोंड वळवते, मला वाटतं पोट भरलं. त्या म्हणाल्या, "तोंड वळवते कारण तिला बघायचं असतं काय काय आहे ते. बघू द्या. मग पुन्हा द्या." एवढंच. मला आयुष्यात कामाचं इतकं नेमकं कोणी शिकवलं नाही, फोरमननेसुद्धा नाही. त्यानंतर मी तुला भरवायला पाऊण तास घ्यायचो. तू खिडकीतला कावळा बघायचीस, पंखा बघायचीस, माझी भुवई बघायचीस, मग एक घास. तिसऱ्या आठवड्यात तुझं वजन पूर्ववत झालं. बाईंनी आकडा खोलीला ऐकवला आणि अकरा जणींनी टाळ्या वाजवल्या. मी लाजेने तुझ्या टोपड्याची गाठ पुन्हा पुन्हा बांधत बसलो.

आणि दुपारी प्रयोगशाळा. तुला दूध पाजण्यासाठी तुझ्या आईला दिवसातून दोनदा अर्ध्या तासाची सुट्टी होती, तोही नियमच. मी तुला घेऊन चालत जायचो, बावीस मिनिटं लागायची. फाटकावरचा पहारेकरी पहिल्या आठवड्यात वहीत माझी सही घ्यायचा आणि तुझ्यासाठी 'सोबत एक' असं लिहायचा. पुढे पुढे तो नुसता तुझ्याकडे बघून सलाम करायचा. नमुन्यांच्या खोलीमागे एक लहान खोली होती, तिथे आई तुला घेऊन बसायची. तिच्या हातांना पाणी तपासायच्या औषधांचा वास यायचा. तू त्या वासाला ओळखायला लागली होतीस. फाटक आलं की तुझे पाय माझ्या पोटावर नाचायचे.

त्या खोलीत ती मला सकाळचं काम सांगायची. कुठल्या वस्तीच्या पाण्यात काय निघालं, कुठली टाकी बंद करायला लावली. एकदा तिने नमुन्याच्या रिकाम्या बाटलीवर चिठ्ठी लावली, त्यावर तुझं नाव, तारीख, आणि 'तपासणीचा निकाल' या रकान्यात लिहिलं: लाळ भरपूर, बाकी उत्तम. तिची मदतनीस हसून हसून भिंतीला टेकली. मला वाटतं तुझी आई तिच्या सगळ्या आयुष्यात तेव्हा सर्वात सुखी होती. मी बघत होतो म्हणून सांगतो. बाई कामावर आहे, काम तिला येतं आहे, आणि तिचं मूल दोन तासांनी दारातून आत येणार आहे. तिला आणखी काही नको होतं.

नव्वदाव्या दिवशी मी कामावर गेलो. लिफ्टच्या खोलीत यंत्र उघडून मी मोठ्याने सांगायला लागलो, हे चाक, हा दोर. जोडीदाराने विचारलं, कोणाशी बोलतोस? मी म्हटलं, कोणाशी नाही. तो दिवस फार लांबला.

धाकट्याच्या वेळचं लिहायला घेतलं तर पेन थांबतं. ते नंतर कधी.

बाबा

११ मार्च

प्रिय ठकू,

तुझं पत्र मंगळवारी आलं. चार दिवस ते माझ्या खिशात आहे. चार ओळींचं आहे, पाठ झालं आहे.

तू लिहितेस, एप्रिलअखेर तुझे सहा महिने संपतात. मोठ्या पुलाच्या तपासणीचं प्रमुखपद तुला दिलं आहे, आणि तू वेळेवर हजर झाली नाहीस तर ते दुसऱ्याला जाईल. पुढचे तीन महिने जावईबापूंचे, पण ते सांगतात की त्यांच्या विमा कचेरीतले साहेब रजा देत नाहीत. आणि शेवटची ओळ, "तुम्हाला तेव्हा खरंच नाकारली होती का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. गोष्टी नकोत."

नाही. नाकारली नव्हती.

मी विचारलंच नव्हतं.

एवढंच लिहा म्हणालीस, पण ठकू, एवढ्यावर थांबलो तर मी पुन्हा गप्प बसल्यासारखं होईल. बाकीचं वाचायचं नसेल तर इथे घडी घाल.

धाकटा झाला तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. मी पर्यवेक्षक झालो होतो. नदीपलीकडे त्या काळातली सर्वात उंच इमारत उभी राहत होती, तिच्या अठरा लिफ्ट आमच्या कंपनीकडे, आणि ते काम माझ्याकडे येणार असं सगळे बोलत होते. इकडे तुझ्या आईला प्रयोगशाळेची प्रमुख करायचं ठरलं होतं. त्यासाठी तीन महिन्यांचं प्रशिक्षण होतं, बाहेरगावी. तारखा अशा जुळल्या होत्या की तिचे सहा महिने संपले की ती जाणार आणि माझे तीन सुरू. तिने अर्जात तिचा भाग भरून ठेवला. माझ्या सहीची जागा मोकळी. तो अर्ज मी पाकिटात घालून कामावर नेला.

सोमवारी नेला, मंगळवारी नेला, पूर्ण आठवडा नेला. साहेबांच्या खोलीसमोरून रोज चार वेळा जायचो. मला बाटलीची आठवण यायची, फोरमनच्या बोलण्याची आठवण यायची. आता माझ्या हाताखाली नऊ माणसं होती. तीन महिने गेलो तर अठरा लिफ्ट दुसऱ्याच्या हाताने चढतील असं वाटायचं. साहेब वाईट नव्हते. ते काय म्हणाले असते कोण जाणे. बहुधा तोंड वाकडं करून सही केली असती, नियमच होता, त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. मला हे ठाऊक होतं. म्हणूनच मी आत गेलो नाही. आत गेलो असतो तर रजा मिळाली असती.

शनिवारी दुपारी घरी येऊन मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, नाही म्हणाले.

तुझी आई धाकट्याचे लंगोट घड्या करत होती. ती म्हणाली, "लेखी द्यायला सांगा." मी म्हटलं, असलं लेखी देत नाहीत. तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग हातातली घडी पूर्ण केली, दुसरा लंगोट घेतला, त्याची घडी केली. मी तिच्यासमोर उभा होतो आणि एकेक लंगोट घडी होत होता. सगळे संपले तेव्हा ती उठली आणि गॅसवर पाणी ठेवायला गेली. त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही.

प्रशिक्षणाला तिची मदतनीस गेली. जिला तिने स्वतः नमुना कसा भरायचा ते शिकवलं होतं ती तिची प्रमुख म्हणून परत आली. मुलगी चांगली होती, तुझ्या आईला अजून मॅडमच म्हणायची, पण त्यानेच ते अवघड झालं. धाकट्याचा दमा सुरू झाला ते निमित्त झालं. वर्षभराने तिने राजीनामा दिला. अठरा लिफ्ट मी बसवल्या. त्या अजून चालतात.

कपाटात तुला अर्जाबरोबर माहितीपत्रकही सापडलं होतं. त्यात एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती: 'मालकास ही रजा नाकारता येणार नाही.' तू ते माझ्यासमोर धरून विचारलंस आणि मी म्हटलं, तेव्हाचे नियम वेगळे होते. तिची रेघ डोळ्यांसमोर असताना मी असं म्हटलं. तू पिशवी उचलून गेलीस. बरोबर केलंस.

ती रेघ तिने कधी मारली ते मला माहीत नाही. त्याच शनिवारी, असं मला वाटतं. म्हणजे तिला बावीस वर्षं माहीत होतं. ती कोणाच्या घरी गेली की पेला तोंडाशी नेण्याआधी पाणी उजेडात धरून बघायची, आठवतं? तुम्ही दोघं हसायचात. मला कधी हसू आलं नाही.

मी तिला खरं सांगितलं नाही. दवाखान्यातल्या शेवटच्या महिन्यातसुद्धा नाही. रोज ठरवून जायचो आणि रोज तिला वर्तमानपत्र वाचून दाखवून परत यायचो.

आता तुझ्या घरातलं. जावईबापू खोटं बोलतात असं मी म्हणत नाही, मी त्यांना चारदा भेटलो आहे, भला माणूस आहे. पण लेखी मागायला सांग. आणि त्यांनी माझ्यासारखं तोंड केलं, तर लंगोट घड्या करत बसू नकोस. भांड. तुझ्या आईने भांडायला हवं होतं असं मी म्हणणार नाही, तो दोष मी तिच्यावर टाकणार नाही. पण तू भांड. वाटलं तर हे पत्र त्यांच्या हातात दे. मी त्यांच्या नजरेतून उतरलो तरी चालेल. तुझ्या नजरेतून तर केव्हाच उतरलो आहे.

पहिल्या दोन पत्रांत तुझ्याबद्दल लिहिलेलं सगळं खरं आहे. तेवढं खोटं मानू नकोस.

बाबा

२ एप्रिल

प्रिय ठकू,

दोन पत्रं एकाच दिवशी आली, एक तुझं, एक जावईबापूंचं. त्यांचं आधी उघडलं, कारण तुझं उघडायची छाती होईना.

त्यांनी लिहिलं आहे, तू पत्र त्यांच्यासमोर ठेवलंस आणि बाळाला घेऊन बाहेर फिरायला निघून गेलीस. त्यांनी ते दोनदा वाचलं. "बाबा, मीही विचारलं नव्हतं. साहेबांच्या चेहऱ्यावरून ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी आत गेलो, अर्ज ठेवला. ते म्हणाले, एवढंच ना? मला वाटलं नोकरी सोडतोस." हे वाचून मी एकटाच घरात हसलो. 'एवढंच ना' हे दोन शब्द ऐकायला मला चोवीस वर्षांपूर्वी एक दार ढकलायचं होतं.

तुझं पत्र कामाचं आहे. अर्ज उशिरा गेल्यामुळे त्यांची रजा एक मेपासून, तुझं काम चोवीस एप्रिलपासून. मधल्या पाच दिवसांचा प्रश्न. धाकट्याला सुट्टी नाही, आत्याच्याने बाळ उचलवत नाही. "तुम्हाला जमेल का ते कळवा. दुसरं काही समजू नका."

जमेल. दुसरं काही समजत नाही.

रविवारी संध्याकाळच्या गाडीने येतो. मुक्काम धाकट्याच्या मित्राकडे करतो, तुला अडचण नको. सकाळी साडेसातला तुझ्या दारात. भरवण्याच्या वेळा, झोपेच्या वेळा आणि औषध काही असेल तर ते कागदावर लिहून ठेव. मी पूर्वी हे काम केलेलं आहे, पण तीस वर्षांत पद्धती बदलल्या असतील.

बाबा

२८ एप्रिल, दुपार

प्रिय ठकू,

हे तुझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून लिहितो आहे. बाळ झोपलं आहे. तू सहा वाजता येशील, मी हे फळांच्या भांड्याखाली ठेवून जाईन. समोरासमोर मला जे बोलता येत नाही ते लिहिता येतं, हे तुला एव्हाना कळलं आहे.

आधी हिशोब देतो, पाच दिवसांचा, म्हणजे तुझ्या कागदाप्रमाणे. सोमवारी ती तासभर रडली. मंगळवारी वीस मिनिटं. बुधवारी रडलीच नाही, पण तू गेल्यावर दाराकडे रांगत जायचा प्रयत्न केला आणि उलटी मागे सरकत पलंगाखाली गेली. तिथून काढली. भाजीची पेज तिला आवडत नाही, तुझ्या कागदावर आवडते असं लिहिलं आहे. तिने ती माझ्या चष्म्यावर उडवली. भरवताना घाई केली नाही. कान खरंच माझे आहेत, बिचारीचे.

सोमवारी सकाळी तू दार उघडलंस तेव्हा मला वाटलं होतं तू काहीतरी बोलशील. तू कागद दिलास, दुधाच्या बाटल्या दाखवल्यास, बाळाला माझ्या हातात दिलंस आणि चपला घालायला वाकलीस. वाकल्या वाकल्या म्हणालीस, "मी माफ केलेलं नाही." मी म्हटलं, बरं. आणि तू गेलीस. खरं सांगू, मला हलकं वाटलं. निदान जमीन कुठे आहे ते कळलं.

रोज संध्याकाळी तू आलीस की मी निघायचो. जावईबापू चहा घ्या म्हणायचे, मी गाडीचं निमित्त सांगायचो. तुझ्या गावात मी गाडीने येत-जात नव्हतो, पायी दहा मिनिटांवर राहत होतो. त्यांनाही ठाऊक असावं.

काल मात्र तू चपला काढून थेट या खुर्चीत बसलीस. डोक्यावर अजून ती पिवळी टोपी होती, गालाला पुलाचं ग्रीस. तू म्हणालीस, खालून बघितला आज पूल, दोरीने लटकून. मी विचारलं, कसा आहे? तू म्हणालीस, दोन जागी तडे आहेत, वरून दिसत नाहीत, पण दुरुस्त होतील. आणि मग मला तू पहिल्यांदा कामाचं सांगत राहिलीस. कुठला खांब, कुठला सांधा, कोण म्हणालं तडा नाहीच आणि तू त्याला कसा दाखवलास. बाळ माझ्या मांडीवर तुझ्या तोंडाकडे बघत होतं. तू बोलताना हात असे हलवत होतीस की मला क्षणभर त्या नमुन्यांच्या मागच्या खोलीत बसल्यासारखं वाटलं. मी मान खाली घातली. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला झोप येते आहे.

मग तू विचारलंस, "आईला तुम्ही कधीच सांगितलं नाहीत?"

"नाही."

"मला सांगितलंत तसं तिला सांगायला हवं होतं."

"हो."

"ती ऐकून काय म्हणाली असती?"

मी म्हटलं, माहीत नाही. ठकू, हे खरं आहे. मी हा प्रसंग हजार वेळा मनात घडवला आहे, आणि दर वेळी मी बोलून संपवतो, ती माझ्याकडे बघते, आणि तिच्या तोंडून काय निघेल ते मला ऐकू येत नाही. तीस वर्षांचा संसार, आणि मला ते ठाऊक नाही. शिक्षा म्हणशील तर हीच.

तू टोपी काढलीस. बाळाला माझ्याकडून घेतलंस, तिच्या गालालाही ग्रीस लागलं. मी पिशवी उचलली आणि सांगितलं की उद्याचा शेवटचा दिवस, सोमवारपासून जावईबापू घरी आहेत, त्यांना भरवायची रीत दाखवून जातो. जिन्यापर्यंत पोहोचलो होतो तेव्हा तू दारात आलीस.

"रविवारी परत जाऊ नका. इकडे या."

मी विचारलं, "काय काम आहे?"

"काम काही नाही," तू म्हणालीस. "या."

आणि दार लावून घेतलंस. मी जिन्यात उभा राहिलो. मग खाली उतरलो, रस्त्यावर आलो, बरंच पुढे गेल्यावर लक्षात आलं की मी हो म्हणालो की नाही ते मला आठवतच नाही. बहुधा काहीच म्हणालो नाही. तोंड उघडलं असेल, आवाज निघाला नसेल. माझं नेहमीचंच.

म्हणून लिहून ठेवतो. येतो.

बाबा